कपाळावरची आठी

मी तेव्हा दोन ठिकाणी राबत होते. सकाळी अंबरनाथला एका मॅटर्निटी होममध्ये, आणि दुपारनंतर उल्हासनगरला, कॅम्प चारच्या बाजारात एका स्किनच्या डॉक्टरांकडे. राहायला बदलापूरला, बेलवलीत. म्हणजे घर एकीकडे, पोटाची सोय दुसरीकडे आणि पाय कायम रस्त्यावर. मधल्या वेळात शिवमंदिराजवळ माहेरी टेकायचे, आईच्या हातचे दोन घास खायचे आणि पुढची शेअर रिक्षा धरायचे. आई म्हणायची, "अगं, पाठ टेक जरा. चेहरा बघ कसा झालाय." मी म्हणायचे, "चेहऱ्याच्याच दवाखान्यात चाललेय, तिथे बघते." ती हसायची नाही. विहारात सकाळची वंदना करून, घरातलं आवरून तीही दमलेली असायची, आणि वर माझ्यासाठी ताट झाकून बसायचं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. डॉक्टरांकडे मुख्य धंदा मुरूम, नायटे आणि खरजेचा. डॉक्टर स्वभावाने चांगले होते, म्हणजे निदान ओरडायचे नाहीत, आणि दमलेल्या बाईला तेवढं पुरतं. एकदा ते मुंबईला कसलंसं शिकून आले आणि थर्मासमध्ये बर्फ भरून एक बोटभर बाटली घेऊन आले. म्हणाले, "सिस्टर, ह्याने सुरकुत्या जातात. कपाळावरच्या आठ्या जातात." बोटुलिनम असं त्याचं लांबलचक नाव. खराब झालेल्या अन्नात जे विष होतं, तेच हे, असंही म्हणाले. मी म्हटलं, "अहो, म्हणजे बायकांच्या कपाळात विष टोचायचं?" ते म्हणाले, "हो, पण मापात." त्या मापानेच पुढे सगळा घोळ केला.

ती बाटली बघितली तर रिकामी वाटायची. तळाला पांढरट डाग असावा, एवढंच. त्यात सलाईन घालायचं, बाटलीच्या काठाकाठाने, हळू. हलवायचं नाही, फेस आणायचा नाही. मग बारीक सुईने ते ओढून भुवयांच्या मध्ये, कपाळावर टोचायचं. ज्या स्नायूने आठी पडते तो स्नायू तीन-चार महिने झोपतो, म्हणून आठी पडत नाही. आणि एकदा पाणी घातलं की ती बाटली ठेवायची सोय नाही, लवकर संपवायची. एकटीसाठी फोडली तर उरलेली फुकट. मग डॉक्टरांनी बुधवार ठरवला, आणि बाजारातल्या बायकांची एक बिशी होती, ती अख्खी बिशी बुधवारी दवाखान्यात येऊन बसायला लागली. घरून डब्यात पापड, गोड बुंदी आणायच्या. माझ्या टेबलावर पापडाचा चुरा. मी पुसायचे आणि त्या नवीन सांडायच्या. "आठीची सुई" हे नाव त्यांनीच पाडलं.

ह्या बिशीत एक आंटी होती. विधवा. बाजारात तिचं कटपीसचं दुकान, वर दोन खोल्यांचं घर. मराठी बोलायची, पण तिच्या पद्धतीची, आणि अडलं की हिंदी. तिच्या दोन भुवयांच्या मध्ये एक उभी आठी होती, इतकी खोल की कुंकवाचं बोट ओढलंय असं लांबून वाटावं. ती आठी अख्ख्या बाजाराला माहीत होती. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की आंटी 'नाही' म्हणायची नाही. "तुमची मर्जी," म्हणायची, आणि आठी घालायची. संपलं! गिऱ्हाईक मुकाट सांगितलेला भाव द्यायचं. मी स्वतः एकदा परकराच्या कापडावरून घासाघीस करायला गेले आणि ती आठी बघून गप घरी आले. कापड घेऊनच आले, अर्थात.

हिला कशाला आठी घालवायची होती, हे मला कळेना. ही आठी म्हणजे तिच्या दुकानाचा अर्धा गल्ला. मी विचारलं तेव्हा तिने मला बाजूला घेतलं. तिचा एकुलता एक मुलगा परदेशात, लागोसला, एका सिंधी शेठच्या पेढीवर. कित्येक वर्षांनी एका महिन्यासाठी येत होता.

"तो राहिला पाहिजे," आंटी म्हणाली.

"मग सांगा ना त्याला."

"मी नाय बोलणार. मी कधी कोणाला थांब बोलली नाय. त्याचा बाप गेला तेव्हा पण माझ्या भावांना बोलली, जा तुम्ही, माझं मी बघते." तिने कपाळाला हात लावला. "हे त्या वर्षी आलं. आता तू सांग, घरात असली तोंडवाली म्हातारी असेल तर मुलगा राहील काय? हसरी बघेल तर त्याला वाटेल, चला, अम्मांकडे बरं आहे, इथेच राहू."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. बाई शहाणी, बाजारात कोणाला ऐकायची नाही, आणि पोटच्या पोराला दोन शब्द सांगायचे तर ते सोडून कपाळात विष घ्यायला निघाली. पण मी कोण सांगणारी? माझ्याही घरात कोण कुठे मनातलं सांगत होतं! मी म्हटलं, "बसा आंटी, नंबर येईल."

आता त्या सुईचं सांगते. डॉक्टर आधी कमी पाण्यात औषध मिसळायचे. त्यामुळे एका बाईच्या वाटचं औषध सिरिंजच्या तळाशी जेमतेम दिसायचं. बायका ते बघायच्या आणि पेटायच्या.

"डॉक्टरसाब, इतना सा? इससे तो सुई की नोक गीली होगी बस!"

"बहन, दवा पूरी है," डॉक्टर म्हणायचे. "पानी कम है, दवा उतनी ही है."

"कुठे आहे? दाखव." आंटी सिरिंज उजेडात धरायची. "मी सगळी जिंदगी मीटर लावून कपडा मोजला. मला माप शिकवू नको. भरून दे."

ह्या बायका जन्मभर दुकानात बसलेल्या. मापात कोणी मारलेलं त्यांना खपत नसे, आणि माप म्हणजे डोळ्यांना दिसेल ते. डॉक्टरांनी चित्र काढून सांगितलं, युनिट म्हणजे काय ते सांगितलं. एक जण म्हणाली, युनिट तर लाईटच्या बिलात असतात. शेवटी त्या म्हणायला लागल्या की कल्याणला दुसरा डॉक्टर बघू, तो तरी सुई भरून देईल. मग डॉक्टरांनी हात टेकले. पुढच्या बुधवारी बाटलीत दुपटीने सलाईन घातलं. प्रत्येकीच्या वाटचं औषध तेवढंच, फक्त पाणी जास्त. सिरिंज चांगली वरपर्यंत भरलेली दिसायला लागली.

"हां, आता काहीतरी दिलं!" बिशी खूश. ह्याच बायका सकाळी दुधवाल्याशी पाण्यावरून भांडायच्या, आणि इथे पाणी घातलं म्हणून डॉक्टरांना बुंदी खाऊ घालत होत्या. मी डॉक्टरांकडे बघितलं. ते म्हणाले, "चालतं सिस्टर, इतकं पातळ करतात काही जण." तेही खोटं नव्हतं.

आंटीची आठी खोल, म्हणून तिला जास्त टोचलं, भुवयांच्या अगदी आतल्या कडेला. तिने हूं की चूं केलं नाही. उठताना म्हणाली, "दोन आठवड्यात तो येतो. जाईल ना?" डॉक्टर म्हणाले, जाईल.

आणि गेली. आठवडा सरायच्या आत आठी गेली. मी तिच्या दुकानासमोरून जाताना बघितलं, कपाळ कसं नव्या तव्यासारखं सपाट. एक गिऱ्हाईक भाव पाडत होतं, आंटी "तुमची मर्जी" म्हणत होती आणि गिऱ्हाईक बिनधास्त आणखी पाडत होतं. मला मजा वाटली.

मजा दोनच दिवस टिकली. आंटी दुपारी ओढणी तोंडावर घेऊन दवाखान्यात आली. ओढणी काढली तर डाव्या डोळ्याची पापणी अर्ध्यावर आलेली, दुकानाचं शटर अर्धं पाडून ठेवावं तशी. वर उचलायला गेली की थरथरायची आणि परत खाली.

"हे काय केलं?" ती ओरडली नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. "परवा तो येतो. परवा!"

डॉक्टरांनी तपासलं, डोळ्यात घालायला थेंब दिले, धीर दिला. म्हणाले, आपोआप उघडेल, थोडे आठवडे जातील. ती गेल्यावर ते खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "सिस्टर, वाटीभर पाण्यात चमचाभर साखर घाला, नाहीतर तांब्याभर पाण्यात घाला, साखर तेवढीच. पण वाटी सांडली तर थोडी जमीन ओली होते, आणि तांब्या सांडला तर पार उंबऱ्यापर्यंत जातं. पाणी जास्त झालं, औषध पसरलं, पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत गेलं." पुढच्या बुधवारपासून त्यांनी परत कमी पाणी घातलं, आणि कोणी काही बोललं की सरळ दार दाखवायचे. निम्मी बिशी कल्याणला गेली.

मुलगा आला. मी त्याला पहिल्यांदा बघितलं ते दवाखान्यातच. उंच, सावळा, बोलायला मऊ. शाळा कॅम्पातच झालेली, त्यामुळे मराठी छान. आंटीला हाताला धरून घेऊन आला होता, ती कशी काचेची असावी तशी.

"डॉक्टर, अम्मांला लकव्याचा झटका आलाय का? खरं सांगा."

आंटीने त्याच्या पाठीमागून डॉक्टरांपुढे हात जोडले. विधवा बाई, पन्नाशी उलटलेली, तोंड सुंदर करायला सुई घेतली हे पोराला कुठल्या तोंडाने सांगायचं? डॉक्टर म्हणाले, "लकवा नाही. धोका काही नाही. महिनाभरात डोळा उघडेल." प्रत्येक शब्द खरा होता. पण घाबरलेल्या माणसाला डॉक्टर धीर देतायत असंच वाटतं. तो तिला कल्याणला घेऊन गेला, डोक्याचा फोटो काढून आणला. फोटो चांगला आला. तरी म्हणे, मशीनला सगळंच दिसतं असं नाही. आणि डोळा तर समोर अर्धा मिटलेला दिसत होता.

मग त्याने मला धरलं. आठवड्यातून दोनदा घरी येऊन अम्मांचं बीपी बघायचं. मला आणखी एक काम हवंच होतं जणू! पण त्याने इतक्या अजिजीने सांगितलं की नाही म्हणवलं नाही. दवाखाना सुटला की मी आंटीच्या जिन्याच्या पायऱ्या चढायचे. पाय नुसते भरून आलेले असायचे. वर गेलं की तो स्वतः चहा करून द्यायचा. चांगला करायचा.

पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा आंटी पलंगावर बसलेली, तो जमिनीवर बसून तिचे पाय चेपत होता. महिन्याची सुट्टी होती, पण त्याने लागोसला शेठला फोन करून सांगून टाकलं होतं की आई आजारी आहे, येणं लांबेल. आंटीने मला ते सांगितलं तेव्हा तिचा उघडा डोळा असा चमकला, बाई बाई! सपाट कपाळ, एक डोळा अर्धा मिटलेला, एक उघडा, आणि तोंडभर हसू. मी बीपी घेतलं. माझ्यापेक्षा चांगलं होतं.

"आंटी, सांगून टाका त्याला," मी हळूच म्हटलं.

"कशाला? मी खोटं बोलली काय? मी काहीच नाय बोलली."

ते मात्र अगदी खरं होतं.

पुढचे दिवस तिने जे भोगलं त्याला मी सुखच म्हणेन. तो तिला भरवायचा, दुकानात तिच्याऐवजी बसायचा, रोज लहानपणीच्या गोष्टी काढायचा. मला म्हणाला, "सिस्टर, अम्मांने मला आयुष्यात कधी 'नको' म्हटलं नाही. पोरांबरोबर नदीवर जाऊ? तुंहिंजी मर्जी, म्हणायची. तुझी मर्जी. आणि आठी घालायची. मी चप्पल काढून परत घरात. लागोसला निघालो तेव्हा मात्र पाठमोरी उभी होती, डबा भरत होती. तोंड बघायला मिळालंच नाही." आंटी भाजी निवडत ऐकत होती.

एका रविवारी तो म्हणाला, अम्मांला ह्या बाजाराच्या कलकलाटात ठेवायला नको, बदलापूरला हवा चांगली आहे, तुम्ही तिथल्याच, जागा दाखवा. रविवार हा माझा एकच दिवस, कपडे धुवायचा आणि मेल्यासारखं पडायचा. तोही गेला. खरवईला तेव्हा शेतांच्या कडेने नव्या इमारती उठत होत्या, पलीकडे भात उभा होता. बिल्डरचा माणूस तळमजल्यावरचा एक फ्लॅट दाखवत होता. मुलगा आत जाऊन नळ फिरवून बघत होता, खिडकीतून डोंगर बघत होता. म्हणाला, "अम्मां, इथे तुझा झोपाळा लावू." लावू म्हणाला. लावेन नाही, लाव नाही. आंटीने माझा हात घट्ट धरला.

आणि तेव्हाच, खिडकीतल्या उजेडात, मला दिसलं की तिचा डावा डोळा उघडलाय. पूर्ण नाही, पण बराच. तिला ते माहीत होतं. तो आतून बाहेर आला तशी तिने पापणी मुद्दाम खाली ओढली.

परत येताना रिक्षात तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता. आंटी माझ्या कानाशी आली.

"सिस्टर, ती सुई परत दे. तसलीच. पाणी जास्तवाली."

"काय?"

"पाणी जास्तवाली. डोळा बंद होईल अशी."

मला असा राग आला! दिवसभर उभी, रविवारचा सत्यानाश, आणि वर हे. "आंटी, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? ते काय शटर आहे, पाहिजे तेव्हा पाडायला? डॉक्टर करणार नाहीत. आणि ह्या वेळी डोळाच गेला तर? काय करणार मग?"

"मग तो कायमचा राहील," ती म्हणाली.

माझा राग गळून गेला. ती चेष्टा करत नव्हती. मी म्हटलं, "आंटी, तोंड उघडून एकदा म्हणा ना, राहा बेटा. एवढे दोन शब्द." तिने मान हलवली. तिच्याने ते होणार नव्हतं. काही माणसांच्या अंगातच नसतं. माझी आई मला 'दमलीस का' म्हणायची, 'नको जाऊस' कधी म्हणाली नाही, आणि मीही म्हणवून घेतलं नाही. शेवटी आंटी म्हणाली, "त्याला माझं तोंड वाचता येतं. लहान होता तेव्हापासून येतं. त्याने विचारलं तर त्याला कळेल."

डॉक्टरांच्या कानावर मी हे घातलं. ते नुसते "अरेरे" म्हणाले आणि पुढच्या पेशंटची चिठ्ठी लिहायला लागले. दुसरं काय करणार होते?

त्यानंतरच्या आठवड्यात मी बीपी बघायला गेले तेव्हा डोळा अगदी नीट उघडलेला होता. आता ओढून धरणंही तिला जमत नव्हतं, पापणी आपोआप वर जायची. मुलगा खोलीत येरझाऱ्या घालत होता. खाली बाजारातच फोनचा बूथ होता आणि शेठला त्याच रात्री कळवायचं होतं, येतोस की दुसरा माणूस ठेवू. चहा केला नव्हता त्याने त्या दिवशी.

"सिस्टर, तुम्ही सांगा. अम्मां बरी आहे?"

आंटी माझ्याकडे बघत होती. दोन्ही डोळ्यांनी. मी बीपीचा पट्टा सोडत होते. मी म्हटलं, "डोळा बरा झालाय. बीपी चांगलं आहे. पण," मी म्हटलं, "तुम्ही अम्मांलाच विचारा."

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. तिचे गुडघे धरले. सिंधी मला बोलता यायची नाही, पण कळायची. तो म्हणाला, "अम्मां, मला तिकडे जायची काही हौस नाही. तू राहा म्हणालीस तर राहतो. दुकान बघतो, खरवईला जागा घेऊ. आणि तू एकटी बरी असशील तर जातो, तिकडे काम आहे माझं. पण मला खरं सांग. जाऊ?"

आंटीने त्याच्याकडे बघितलं. म्हण ना, म्हण, म्हण, मी मनात ओरडत होते.

"तुंहिंजी मर्जी," ती म्हणाली.

तो हलला नाही. मला माहीत होतं तो काय शोधतोय. तिच्या भुवयांच्या मध्ये बघत होता, लहानपणी बघायचा तसा. एकटक. खूप वेळ बघितलं त्याने. तिथे काहीच नव्हतं. स्वच्छ, गुळगुळीत कपाळ, एखाद्या समाधानी बाईचं असतं तसं. डोळ्याचं औषध उतरलं होतं, पण आठीचं उतरायला अजून महिने होते. हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं, आणि माझ्या ते ध्यानात आलं तेव्हा तो उठून उभा होता. त्याचा चेहरा सैल पडला होता. सुटल्यासारखा, आणि थोडा दुखावल्यासारखाही.

"अम्मां खूश आहे," तो मला मराठीत म्हणाला. "मी उगाच घाबरलो होतो."

मी तोंड उघडलं. आंटीने माझं मनगट धरलं, असं की बांगडी रुतली. तो जिना उतरून गेला.

ती माझ्याकडे वळली. तिचे ओठ थरथरत होते, आणि वर कपाळ तसंच, शांत.

"मी आठी घातली होती ना गं," ती म्हणाली. "चांगली जोरात घातली. त्याला दिसली नाय?"

मी म्हटलं, "नाही आंटी. पडलीच नाही."

तिने पलंगाखालून हातआरसा काढला. खालून बूथवरून त्याचा आवाज येत होता, लाईन खराब असावी, मोठ्याने बोलत होता. हां शेठ, निकल रहा हूं, हां, मां ठीक है, बिल्कुल ठीक है. आंटी आरसा तोंडासमोर धरून आठी घालून बघत होती, पुन्हा पुन्हा.